मूळ शब्द आणि मागाहून चढलेला अर्थ

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, आयुष्याच्या उत्तरार्धात, हिब्रू आणि ग्रीक या भाषांचे अध्ययन करून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे जे कार्य अंगावर घेतले, आणि जे १९२२ साली त्यांचे देहावसान झाल्यानंतर १९२४ साली ग्रंथरूपाने बाहेर आले, त्याच्या मुळाशी भाषेविषयीची एक खोल जाणीव होती. अगोदरचे मराठी अनुवाद हाताशी असतानाही त्या मुळाकडे वळल्या, कारण अनुवादक प्रतिशब्द निवडतो तेव्हा त्या शब्दाबरोबर एक सबंध अर्थपरंपरा वाचकाच्या पदरी घालीत असतो, आणि वाचक मात्र तिलाच ईश्वराची वाणी समजून शिरोधार्य मानतो. समलिंगी माणसांचे ख्रिस्ती मंडळीतील स्थान हा आज जगभर वादाचा विषय झालेला आहे. त्याचा विचार करताना मला रमाबाईंच्या त्या परिश्रमांची वारंवार आठवण होते. कारण या प्रकरणी ज्यांना घर, मंडळी आणि कित्येकदा स्वतःचा जीवही गमवावा लागला, त्यांच्यावर जी वचने शस्त्रासारखी चालविली गेली, ती मुळात काय म्हणतात हे पाहण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली आहे.

सर्वांत दृढमूल समज असा की, ‘समलिंगी’ हा शब्द बायबलात पहिल्यापासून आहे आणि त्या शब्दानेच अशा माणसांना देवराज्याचे दार बंद केलेले आहे. वस्तुस्थिती अशी की, ‘होमोसेक्शुअल’ हा शब्दच मुळी कार्ल-मारिया केर्टबेनी या हंगेरियन लेखकाने १८६९ साली, प्रशियाच्या फौजदारी कायद्यातील एका कलमाविरुद्ध छापलेल्या निनावी पत्रकात प्रचारात आणला, आणि इंग्रजी बायबलात तो प्रथम शिरला तो १९४६ साली, ‘रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन’ या आवृत्तीच्या नव्या करारात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने अनीतिमानांची जी यादी दिली आहे, तीत ‘मालाकोय’ आणि ‘आर्सेनोकोइताय’ असे दोन निरनिराळे ग्रीक शब्द लागोपाठ येतात. पहिल्याचा मूळ अर्थ ‘मऊ’ असा असून, मत्तयाच्या शुभवर्तमानात तोच शब्द राजवाड्यात राहणाऱ्यांच्या तलम वस्त्रांसाठी योजलेला आहे. माणसाला लावला म्हणजे त्यातून दुर्बलता, सुखलोलुपता, स्त्रैणता अशा छटा निघतात. दुसरा शब्द ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ या दोन पदांचा समास असून, पौलापूर्वीच्या ज्ञात ग्रीक वाङ्मयात तो आढळत नाही. मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात त्याचे जर्मन भाषांतर केले ते ‘मुलांना भ्रष्ट करणारे’ अशा अर्थाने. १६११ च्या इंग्रजी राजमान्य आवृत्तीनेही दोन शब्द दोनच ठेवले. १९४६ च्या भाषांतर-समितीने मात्र दोहोंना एकत्र करून हा एकच आधुनिक शब्द त्यांच्या जागी बसविला, आणि पूर्वी जो निषेध विशिष्ट वर्तनाचा होता तो माणसांच्या एका सबंध वर्गाचा झाला.

या निवडीची चूक दाखवून देणारे पत्र १९५९ साली एका तरुण धर्मशास्त्र-विद्यार्थ्याने समितीचे अध्यक्ष ल्यूथर वाइगल यांना धाडले, आणि १९७१ च्या सुधारित आवृत्तीत समितीने तो शब्द मागे घेऊन दुसरा घातला. परंतु मधल्या पंचवीस वर्षांत तो अन्य आवृत्त्यांनी उचलला होता, प्रवचनांत रुळला होता, आणि लाखो वाचकांच्या मनात शास्त्रवचनाचा दर्जा पावला होता. छापील चूक दुरुस्त करता येते. तिच्या आधारे ज्या मुलाला बापाने घराबाहेर काढले, त्याचे गेलेले वय परत आणण्याचा मार्ग कोणत्याही समितीपाशी नसतो.

येथे प्रतिपक्षाची कैफियतही प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, लेवीय पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील निषेधवचनात, ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ ही दोन्ही पदे शेजारी शेजारी आलेली आहेत. पौलाने आपला समास तेथूनच घडविला असावा, असे रॉबर्ट गॅग्नन यांच्यासारखे परंपरानिष्ठ अभ्यासक प्रतिपादितात, आणि हा मुद्दा हलका नाही. तथापि, ज्या रोमन जगात धनी आपल्या गुलामाचा आणि प्रौढ पुरुष किशोरवयीन मुलाचा उपभोग घेई आणि समाज त्याला वहिवाट समजे, त्या जगातील वर्तनाला उद्देशून लिहिलेले वचन, परस्परांच्या संमतीने आयुष्यभर एकनिष्ठ राहणाऱ्या दोन माणसांना जसेच्या तसे लागू होते काय, हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीने सुटत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायाविषयीही हेच म्हणावे लागते. तेथे मूर्तिपूजेतून उद्भवलेल्या अनावर वासनेचे वर्णन करताना पौल ‘निसर्गाविरुद्ध’ हा शब्दप्रयोग करतो. आणि त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात परजातीयांना रानटी जैतुनाच्या फांदीप्रमाणे मूळ झाडावर कलम करणाऱ्या खुद्द देवाच्या कृतीलाही तोच शब्दप्रयोग लावतो.

दुसरा समज सदोम नगराचा. उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायात लोटाच्या घरी उतरलेल्या दोन पाहुण्यांना बाहेर काढून आमच्या हवाली कर, असा दंगा नगरातील पुरुष करतात, आणि पुढे त्या नगरावर अग्नीचा वर्षाव होतो. यावरून सदोमाचे पाप म्हणजे समलिंगी प्रेम, असे समीकरण रूढ झाले, आणि युरोपातील भाषांत तर त्या गावाचे नावच त्या कृत्याचे नाव होऊन बसले. हे समीकरण आजचे नव्हे; पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या फिलो या यहुदी तत्त्वज्ञाच्या लेखनात ते दिसते. परंतु बायबल स्वतः काय सांगते? यहेज्केल संदेष्टा सदोमाच्या अपराधाचा तपशील देतो तो गर्वाचा, अन्नाच्या सुबत्तेचा, निश्चिंत ऐषआरामाचा, आणि दीनदुबळ्यांना हात न दिल्याचा. त्यापुढील वचनात ‘अमंगळ कृत्ये’ असा मोघम उल्लेख येतो, त्यावर परंपरानिष्ठांची भिस्त असते. येशू आपल्या शिष्यांना गावोगाव पाठविताना जी गावे त्यांचे स्वागत करणार नाहीत त्यांच्या संदर्भात सदोमाचे नाव घेतो. सदोमाच्या कथेच्या अगोदरच्याच अध्यायात अब्राहाम भर उन्हात धावत जाऊन तीन अनोळखी वाटसरूंचे पाय धुण्यास पाणी देतो, हे लक्षात घेतले म्हणजे दोन अध्यायांतील विरोध कोणत्या गोष्टीचा आहे हे उघड होते. शास्ते या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात जवळजवळ हाच प्रसंग गिबा गावी घडतो, आणि तेथील पुरुष पाहुण्याऐवजी त्याच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार करून तिचा प्राण घेतात. तेवढ्यावरून स्त्रीपुरुषांचे प्रेमच पापमय, असा निष्कर्ष आजवर कोणी काढलेला नाही. झुंडीच्या बलात्काराच्या कथेवरून प्रेमाचा निवाडा करणे हे वाचन नव्हे, असे मला निःसंदिग्धपणे वाटते.

लेवीय पुस्तकातील निषेध स्पष्ट आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. परंतु त्याच पुस्तकात डुकराचे मांस आणि दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्रही निषिद्ध आहे. मोशेच्या नियमशास्त्राचा किती भाग परजातीय ख्रिस्ती लोकांना बंधनकारक, याचा खल पहिल्याच शतकात यरुशलेमेतील सभेत करावा लागला, ही हकिकत प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे. म्हणजे नियमांत तारतम्य करण्याची प्रथा आधुनिकांनी काढलेली नाही.

तिसरा समज असा की, धर्मनिष्ठ ख्रिस्ती माणूस अशा लोकांना शासन करणाऱ्या कायद्याच्या बाजूचाच असला पाहिजे. याला इतिहासाचा आधार नाही. इंग्लंडात हा कायदा रद्द व्हावा म्हणून प्रारंभी ज्यांनी प्रयत्न केले, त्यांत चर्च ऑफ इंग्लंडची नीतिविषयक समितीच पुढे होती. तिच्या कामात सहभागी असलेल्या डेरिक शेरविन बेली या धर्मगुरूने १९५५ साली समलिंगी संबंधांविषयीच्या ख्रिस्ती परंपरेचा सविस्तर शोध घेणारा ग्रंथ लिहिला, १९५७ च्या वुल्फेंडेन या सरकारी समितीच्या अहवालाने कायदा बदलण्याची शिफारस केली, आर्चबिशप मायकेल रॅमझी यांनी लॉर्डांच्या सभागृहात सुधारणेला पाठिंबा दिला, आणि १९६७ साली इंग्लंड व वेल्सपुरता कायदा बदलला. त्याच ब्रिटिश साम्राज्याने १८६० साली भारतीय दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ मात्र आपल्याकडे, २००९ ते २०१३ हा काळ सोडला तर, सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापर्यंत संमतीच्या संबंधांनाही लागू राहिले. त्याच्या समर्थनार्थ सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संस्था होत्या, हे खरे आणि खेदकारक आहे. पण २०१३ साली न्यायालयाने ते कलम कायम केले तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवूनही, चर्चने या माणसांना कधी गुन्हेगार मानलेले नाही असे जाहीरपणे सांगितले, आणि ज्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे दफ्तर नागपुरात आहे तिने मंडळ्यांमध्ये या विषयाचा अभ्यास व संवाद चालविला.

प्रार्थनेने व उपचाराने प्रवृत्ती पालटते, हा चौथा समज आईबापांच्या मायेतून येतो म्हणूनच अधिक घातक ठरतो. अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेली ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही ख्रिस्ती संस्था या कार्यातील सर्वांत मोठी. तिचे अध्यक्ष अॅलन चेंबर्स यांनीच, आपल्याला भेटलेल्या बहुतेकांची प्रवृत्ती पालटली नाही अशी कबुली देऊन, २०१३ साली दुखावलेल्यांची माफी मागितली आणि संस्था बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी प्रवृत्तीचे नाव रोगांच्या यादीतून काढले, आणि भारतात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

आता चर्च एकमुखी आहे काय? नाही. रोमन कॅथलिक चर्चची शिकवण समलिंगी संबंधांना मान्यता देत नाही, पण १९९२ च्या तिच्या धर्मशिक्षाग्रंथात अशा माणसांशी आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने वागण्याचा व अन्याय्य भेदभाव टाळण्याचा आदेश आहे, आणि डिसेंबर २०२३ च्या एका दस्तऐवजाने विवाहविधीचे स्वरूप न देता अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्यास धर्मगुरूंना मोकळीक दिली. ऑर्थोडॉक्स व बहुतेक इव्हँजेलिकल मंडळ्या जुन्या भूमिकेवर ठाम आहेत. स्वीडनच्या चर्चने २००९ पासून समलिंगी जोडप्यांचे विवाह लावले आहेत. अमेरिकेच्या युनायटेड मेथॉडिस्ट चर्चने २०२४ साली समलिंगी धर्मगुरूंच्या दीक्षेवरील बंदी उठविली, पण त्याआधी तिच्या हजारो मंडळ्या फुटून निघाल्या. आणि हा केवळ पाश्चात्त्यांचा छंद म्हणावा, तर दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेझमंड टूटू यांनी वर्णद्वेषाविरुद्धचा आणि हा लढा एकाच तळमळीने चालविला, त्याचे काय करावयाचे?

ज्या वचनाकडे मी स्वतः पुन्हा पुन्हा वळतो ते प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार, एक षंढ, यरुशलेमेहून परत जाताना रथात यशयाचे पुस्तक वाचीत आहे. तो समलिंगी होता असे कोणी म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. पण अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायाने त्याच्यासारख्यांना परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव केलेला होता. वाटेत भेटलेला ख्रिस्ती प्रचारक फिलिप्प त्याला विचारतो की, वाचतोस ते समजते काय, आणि तो म्हणतो की, कोणी वाट दाखविल्यावाचून कसे समजेल. तो वाचीत असलेल्या उताऱ्यापासून तीनच अध्याय पुढे त्याच यशयाने षंढांना देवाच्या घरात मुलाबाळांहून थोर असे नाव देण्याचे वचन लिहून ठेवलेले आहे. वाटेत पाणी दिसते, तेव्हा तो विचारतो की, माझा बाप्तिस्मा होण्यास आता कोणती हरकत आहे. मज्जावाचा तो तेविसावा अध्याय फिलिप्पालाही पाठ असला पाहिजे. तो त्याच्याबरोबर पाण्यात उतरला.