कुलूपबंद गाळ्याचा लिलाव

अमेरिकेतला 'स्टोरेज वॉर्स' हा टीव्ही कार्यक्रम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. डिसेंबर २०१० मध्ये तो सुरू झाला. तिकडे घरात न मावणारं सामान ठेवायला भाड्याच्या छोट्या खोल्या मिळतात. भाडं थकलं की खोलीचा लिलाव होतो. शटर वर करतात, बोली लावणाऱ्यांनी पाचेक मिनिटं दारातूनच बघायचं, आत पाय टाकायचा नाही, आणि बोली सुरू! कोणाला जुनं घड्याळ सापडतं, कोणाला नुसत्या गाद्या. मग माल ऑनलाइन किंवा दुकानातून विकायचा.

आम्ही पाच जणांनी हे उल्हासनगरात करून पाहिलं. त्यात आमचं काय झालं आणि त्या निमित्ताने मी काय शिकलो, ते या लेखात मांडतो. हिशेबही देतो, म्हणजे कोणाला नुसती गोष्ट वाटायला नको.

माझं घर उल्हासनगर कॅम्प १ मध्ये, शहाड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. 'कॅम्प' हा शब्द ऐकून होस्टेलवर अजून लोक विचारतात, की तिथे मिलिटरी आहे का? होती. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तिथल्या बराकींमध्ये जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. पुढे याच गावात फर्निचर, कपडे, जीन्स असे धंदे वाढले. घरटी एखादी मशीन, गल्लीगल्लीत गाळे. गाळे म्हटले की भाडं आलं, आणि भाडं आलं की थकबाकीही आलीच.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका गाळामालकाने सांगितलं, की जीन्स शिवणारा एक कारागीर सात महिन्यांचं भाडं थकवून गावी निघून गेलाय. फोन लागत नाही. रविवारी कुलूप तोडून आतला माल बोलीवर देणार. मी होस्टेलवर येऊन ही बातमी सांगितली. मेसचं बिल भरून उरलेले, घरून पुस्तकांसाठी आलेले, असे प्रत्येकी ४,२०० रुपये काढून आम्ही २१,००० उभे केले.

बोलीला आमच्याशिवाय तीन भंगारवाले होते. दारातून दोन शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, कापडाचे गठ्ठे आणि खोके दिसत होते. भंगारवाले १६,००० ला थांबले, तिथे एक जण हसलासुद्धा. आम्ही दोघा मित्रांच्या नादात आपापसातच आकडा वाढवला आणि २१,००० ला गाळा घेतला. टाळ्या वाजवल्या. तो भंगारवाला का हसला, हे नंतर कळलं.

आता इथे थोडी थिअरी. समजा, एका मालाची खरी किंमत २०,००० आहे आणि ती कोणालाच माहीत नाही. चार जण अंदाज करतात : १२, १७, २२ आणि २९ हजार. सरासरी काढली तर बरोबर २० येते, म्हणजे चौघं मिळून शहाणे आहेत. पण लिलाव सरासरीला जात नाही, तो सगळ्यात जास्त चुकलेल्या आशावादी माणसाला जातो. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. हा प्रकार १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघांनी मांडला. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक नव्हते, तेल कंपनीतले इंजिनियर होते! समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी नफा का होतो, हे ते शोधत होते. त्यांचा सल्ला सोपा आहे : माहिती जितकी कमी आणि बोली लावणारे जितके जास्त, तितकी आपली बोली खाली ठेवा. भंगारवाल्याने हा पेपर वाचलेला नव्हता, पण तो वीस वर्षं तेच करत होता.

आता आमचा हिशेब. विक्री आधी सांगतो. दोन शिलाई मशीन ११,००० आणि ९,५०० ला, ओव्हरलॉक ८,००० ला गेलं. चेन आणि बटणं ३,७०० ची. कापड किलोवर १,९०० ला, टेबल आणि पंखा १,६०० ला. एकूण ३५,७००. वाचून छान वाटतं ना? आता खर्च बघा. टेम्पो २,४००, हमाली १,२००, तीन आठवडे माल ठेवायला जागा १,५००, मशीनच्या मोटरचं रिवाइंडिंग १,८००, पॅकिंग आणि कुरिअर १,३५०, आणि ओल लागून कुजलेलं कापड उचलून न्यायला ६००. एकूण ८,८५०. म्हणजे नफा ५,८५०, माणशी १,१७०. त्यासाठी पाच जणांचे सहा रविवार गेले. फोटो काढा, जाहिरात टाका, 'लास्ट प्राइस काय' या मेसेजला उत्तर द्या, गिऱ्हाईक येतो सांगून येत नाही. थोडक्यात, या धंद्यात पैसा मालात नसतो, तो माल योग्य माणसापर्यंत पोचवण्याच्या कष्टात असतो. मजुरी धरली असती तर आम्ही तेव्हाच तोट्यात होतो.

पण गोष्ट इथे संपली नाही.

दुसरं मशीन विकून आठवडा झाला असेल. एक माणूस माझ्या घरी आला. हातात मोबाईल, त्यावर आमच्याच जाहिरातीचा फोटो. मशीनच्या डोक्यावर देवीचं एक स्टिकर होतं, आम्ही ते काढलं नव्हतं. त्याने स्टिकरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मशीन मेरी है, भाई." गावी वडील आजारी होते, तिकडे अडकला, मोबाईल विकावा लागला, म्हणून फोन लागत नव्हता. भाडं थकलं हे त्याला मान्य होतं. भांडला नाही. त्याने एवढंच विचारलं, की खोक्यात पुठ्ठ्याचे पॅटर्न होते, ते तरी आहेत का?

ते पॅटर्न आम्ही रद्दीत दिले होते. चाळीस रुपयांना.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पॅटर्न म्हणजे प्रत्येक मापाच्या जीन्ससाठी कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे. ते ठेवून कापड कापतात. मशीन पुन्हा विकत मिळतं, पण वर्षानुवर्षं दुरुस्त करत आणलेले पॅटर्न मिळत नाहीत. आमच्या यादीत ज्याची किंमत सगळ्यात कमी होती, तोच त्याचा धंदा होता.

मी घाबरून आमच्या ओळखीच्या वकील काकांकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. एक, भाडं थकलं म्हणून भाडेकरूचा माल परस्पर विकायचा हक्क मालकाला नसतो, त्यासाठी कोर्टात जावं लागतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० मध्ये हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचं उदाहरणच आहे. मजुरी मिळेपर्यंत तो हिरा अडकवून ठेवू शकतो. पण अडकवून ठेवणं वेगळं आणि विकून टाकणं वेगळं. दोन, माल विक्री कायदा, १९३० चं कलम २७ : विकणाऱ्याचा जेवढा हक्क, साधारणपणे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. ज्याचं नव्हतंच त्याने विकलं, तर पैसे मोजूनही माल आपला होत नाही. काका म्हणाले, "तुम्ही लिलाव घेतला नाही रे, भांडण विकत घेतलंत."

मग कायदेशीर लिलाव होतात का? भरपूर होतात. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे बंदरावर पडून राहिलेले कंटेनर. न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. तिथे आलेला माल आयातदाराने सोडवलाच नाही तर काय? सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ४८ प्रमाणे माल उतरल्यापासून ३० दिवसांत, किंवा वाढवून दिलेल्या मुदतीत, तो सोडवला नाही तर आयातदाराला नोटीस देऊन आणि अधिकाऱ्याची परवानगी घेऊन विकता येतो. नाशवंत माल आधीही विकता येतो. आलेल्या पैशाची वाटणी कलम १५० मध्ये क्रमाने दिली आहे : आधी विक्रीचा खर्च, मग वाहतूकदाराचं भाडं, मग सरकारी शुल्क, मग माल सांभाळणाऱ्याचे पैसे, मग मालकाकडून केंद्र सरकारचं काही येणं असेल तर ते, आणि उरलेलं मूळ मालकाला. शेवटचा शब्द नीट वाचा. मालक पळाला, थकवलं, तरी उरलेला पैसा त्याचाच. रेल्वेचा कायदा १९८९ चा. त्यातही न सोडवलेल्या मालासाठी नोटीस आणि विक्रीची रीत ठरवून दिली आहे.

असे बरेच सरकारी लिलाव १९६४ मध्ये स्थापन झालेल्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतात. नोंदणी करायची, अनामत रक्कम भरायची, ठरलेल्या दिवशी माल पाहायचा, मग बोली. माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर मिळतो. नंतर तक्रार चालत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९७० पासून एक मोठं दुकान विमानात हरवलेल्या बॅगांचा माल विकतं. पण आधी विमान कंपनी मालकाला शोधते, सापडला नाही तर त्याची भरपाई होते, मगच बॅग विकली जाते. देश कुठलाही असो, आधी मालकाला शोधायचं आणि मगच बोली लावायची.

धंदा म्हणून पुढे हे करायचं असेल तर कराचंही बघा. जीएसटी नोंदणी असलेल्याला जुन्या वस्तूंवर नियम ३२(५) प्रमाणे खरेदी आणि विक्रीच्या फरकावरच कर भरायची सोय आहे. मात्र वस्तूचं स्वरूप बदललेलं नसावं आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसावं. खरेदीची पावती हवीच. आमच्याकडे गाळामालकाची पावती नव्हती, नुसता शब्द होता. कारागीर आल्यावर तो शब्दही फिरला. "तुम्ही बघूनच घेतलंत ना?" एवढंच तो म्हणाला.

आम्ही पाच जण रात्री होस्टेलच्या गच्चीवर बसलो. एक जण म्हणाला, आपण फसलो, आपला काय दोष? दुसरा म्हणाला, दोष नसेल, पण मशीन त्याचं आहे. शेवटी आम्ही दुसऱ्या मशीनचे ९,५०० त्याला दिले. त्याने त्याहून जास्त मागितलं नाही, खरं तर मागू शकला असता. नफ्याचे ५,८५० गेले आणि वर ३,६५० चा खड्डा, माणशी ७३० रुपये. रद्दीवाल्याकडे मी तीनदा जाऊन आलो. पॅटर्न मिळाले नाहीत.

जाता जाता एक विनंती. आपल्या होस्टेलच्या जिन्याखालच्या खोलीत पास होऊन गेलेल्या मुलांच्या ट्रंका, कूलर, ड्रॉइंग बोर्ड पडलेत. यंदा ते विकून कॅरम घ्यायचा विचार चालू आहे. जरूर विका. पण आधी प्रत्येक ट्रंकेवरचं नाव लिहून घ्या, जुन्या बॅचच्या ग्रुपवर यादी टाका, नोटीस बोर्डावर महिनाभर लावा. कागदपत्रं आणि वह्या रद्दीत घालू नका, रेक्टर सरांकडे ठेवा. विकून आलेल्या पैशाचा हिशेब ट्रंकेनुसार लिहा, म्हणजे उद्या कोणी आलं तर देता येईल.

कोणी नाहीच आलं, तर कॅरम आपलाच आहे. पहिला डाव मात्र मला द्या, ७३० रुपये भरलेत.