शेतातील दगड : कोणता वेचावा, कोणता ठेवावा

रब्बी ज्वारीची काढणी झाली, खळी उरकली आणि फाल्गुन सरत आला, की सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या माळरानावर घरोघरची माणसे पाट्या व पहारी घेऊन शेतात उतरतात. नांगरटीने उघडे पडलेले दगड वेचण्याचे हे काम. कर्ते पुरुष पहार लावतात, बायका पाट्या भरतात आणि मुले हातात मावतील तेवढे गोटे बांधावर नेऊन टाकतात. काळ्या पाषाणाच्या एका घनफुटाचे वजन ८० किलोच्या घरात जाते. तेव्हा आठ दिवसांच्या वेचणीनंतर घरात कोणाची ना कोणाची कंबर धरलेली असते.

"दगड उगवतात," असे जुनी माणसे म्हणतात. गेल्या चैत्रात स्वच्छ केलेले वावर यंदा पुन्हा दगडांनी भरलेले दिसते, हे खरेच आहे. जमिनीखालचा पाषाण कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत झिजतो. पापुद्र्यांचा मुरूम व माती होते, आणि मधला गाभा गोटा होऊन राहतो. वळवाच्या सरींनी भोवतालची बारीक माती वाहून नेली, की तो उघडा पडतो. एका एकरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी ती माती सुमारे ५ टन भरते, आणि एवढी झीज डोळ्यांना दिसतही नाही. ज्याच्या शेतात दरसाल दगड वाढतात, त्याचे खरे दुखणे दगड नसून धावते पाणी होय.

याच भागातील एका कुटुंबात यंदा या कामावरून वाद झाला. यंत्र लावून सगळा दगड एकदाच खरवडून काढावा व ओढ्यात लोटून द्यावा, असे धाकट्या मुलाचे म्हणणे. वडील मात्र बारीक गोट्यांना हात लावू देईनात. त्यांच्याखाली ओल राहते, असे ते सांगत. वडिलांचे म्हणणे खरे होते. हलक्या, उताराच्या जमिनीवरील खडे पावसाच्या थेंबाचा मारा स्वतःवर घेतात, त्यामुळे माती उडत नाही, पाणी मुरते व उन्हाने ओल लवकर उडत नाही. परंतु त्याच वडिलांनी वर्षानुवर्षे मोठे धोंडे शेताच्या मध्यभागी रचून दोन गुंठे जमीन अडविली होती. त्या ढिगात घुशींनी घर केले आणि हरळी माजली, ही चूक त्यांचीच.

अखेर तोडगा निघाला तो असा : कुळवाच्या फासेला वा पाभरीच्या फणाला अडेल तेवढाच दगड काढावयाचा आणि तो बांधाला लावावयाचा. (भुईमुगाच्या वावरात मात्र खडेही कमी करावे लागतात, नाहीतर काढणीच्या वेळी शेंगा जमिनीतच राहतात.) पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन काठ्यांना बांधून मुलाने समपातळीची रेषा आखली. त्या रेषेवर वीतभर खोल पाया खणला. मोठे धोंडे पायात व उताराच्या अंगास बसविले, आणि चिपा त्यांच्या फटींत व वरच्या अंगास ठासून भरल्या. मातीच्या बांधाला सांडवा नसेल, तर पाणी तुंबून तो फुटतो. दगडी बांधातून पाणी झिरपते आणि गाळ मागे राहतो. २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर एका एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी येते. त्याचा वेग मोडणे एवढेच या बांधाचे काम. मुंबई राज्यात १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याने बांधबंदिस्तीच्या योजना आखल्या गेल्या. परंतु घरचा दगड घरच्या उतारावर लावावयास योजनेची वाट पाहावी लागत नाही, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने अवश्य सांगावे.

आणखी एक गोष्ट सांगावी. उन्हाळ्यात दगडाखाली विंचू असतो, क्वचित सापही. दगड हाताने उचलू नये. पहारीने त्याची पलीकडची कड आपल्याकडे उलटावी, म्हणजे फट पलीकडे उघडते.

पाडव्यापर्यंत या कुटुंबाचा एक बांध पुरा झाला. मधला ढीग त्यातच संपला. ढिगाखालची माती फार दबली असल्याने त्या दोन गुंठ्यांत यंदा शेणखत घालून मटकी टाकावयाचे ठरले आहे.