मानशीचं दार

जुन्या गोव्यात व्हाईसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरलं की समोर मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट. फेरीबोट काही मिनिटांत नदी ओलांडते. या बेटाला पूल नाही. बाहेरची माणसं इथे येतात ती बहुधा ऑगस्टमध्ये, बोंदेरामच्या उत्सवाला. तेव्हा फेरीच्या धक्क्यापासून टेकडीपर्यंत नुसतं हिरवंगार भात डुलत असतं. फोटो काढावेत असं ते दृश्य असतंच, पण शेती बघायची तर ऑगस्ट हा उशीर झाला. मे महिन्यात या.

मे महिन्यात तीच शेतं करडी पडलेली असतात. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि भेगांच्या कडांना पांढरी साय. बोटाने उचलून जिभेवर ठेवली तर खारट. मीठच ते. डोक्यावर ऊन, वारा नदीवरून येतो तोही चिकट. इथे गवत तरी उगवेल का, असं नवख्याला वाटतं. पण जूनमध्ये इथे भात होणार की नाही, हे याच दिवसांत ठरतं.

या जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. खाडीच्या कडेची, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली, बांध घालून पाण्याकडून मिळवलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर खाजनं आहेत आणि तिसवाडीतली दिवाडी, चोडण, जुवें ही बेटं म्हणजे त्यांचं माहेरघर. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली तेव्हा हे बांध उभे होते आणि गावकारी, म्हणजे गावची सामायिक संस्था, त्यांचा कारभार पाहत होती. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावांच्या रूढी लिहून काढल्या, तो दस्तऐवज 'फोराल' म्हणून ओळखला जातो. राज्यकर्त्यांनी देवळं पाडली. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला तो नदीपलीकडच्या, डिचोलीतल्या नार्व्याच्या देवळाचा. बांधांना मात्र नव्या राज्यकर्त्यांनी हात लावला नाही, गावकारीही 'कोमुनिदाद' या नव्या नावाने चालू ठेवली. भाताचा महसूल कुणाला नको असतो?

बांध दिसायला साधा. खाडीतला चिखल, पेंढा, बांबू, आणि नदीच्या बाजूला जिथे पाण्याचा मार जास्त तिथे चिऱ्याचा दगड. त्याच्याही पुढे खारफुटीची रांग, लाटेचा पहिला तडाखा झेलायला. हा सगळा प्रकार मऊ आहे आणि मऊ ठेवावाच लागतो. उन्हात चिखल तडकतो, म्हणून दर उन्हाळ्यात त्याच्यावर ओला चिखल चढवायचा. ओहोटीला खाडी उघडी पडली की ढेकळं कापायची, पाटीतून वाहायची, थापायची. भरती आली की काम थांबवायचं. घड्याळाचा इथे फारसा उपयोग नाही. रोजची ओहोटी आदल्या दिवसापेक्षा पाऊणएक तास उशिरा येते, म्हणजे आठवडाभरात सकाळचं काम दुपारवर जातं आणि दुपारचं संध्याकाळवर.

मी बांधावरून चालत होतो तेव्हा पुढे एक म्हातारे गृहस्थ वाकून काहीतरी बघत होते. मला वाटलं, काही पडलं असेल. त्यांनी बोट दाखवलं. "हो बुराक पळय, बाब. कुर्लेचो." रुपयाच्या नाण्याएवढं भोक. खेकड्याचं. त्यांनी काठी आत घातली, ती हातभर गेली. मग खाली उतरून चिखलाचा गोळा आणला, भोकात कोंबला आणि टाचेने दाबला. पावसाळ्यातल्या एका उधाणाला असं एक भोक पुरतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांच्या टाचेचा जोर बघून कळलं.

पण खाजनाचं खरं यंत्र बांधात नाही, बांधाच्या खिंडीत आहे. तिला मानस म्हणतात. दोन बाजूंना चिऱ्याचे खांब, मध्ये लाकडी चौकट आणि चौकटीला नदीच्या बाजूने लावलेली जाड फळ्यांची दारं. ना चक्र, ना मोटर. भरती चढली की नदीचं पाणी दार चौकटीवर दाबून धरतं, जितका दाब जास्त तितकं दार घट्ट. ओहोटीला नदी खाली गेली की आतलं पाणी दार बाहेर ढकलतं आणि निघून जातं. पुन्हा भरती, पुन्हा दार बंद. दिवसातून दोनदा, रात्री माणसं झोपलेली असतानाही. चंद्रावर चालणारं याहून स्वस्त यंत्र मी तरी पाहिलेलं नाही. आतल्या बाजूला मानशीपाशी रुंद होत जाणारी पाण्याची वाट असते, तिला पोय म्हणतात. आत शिरलेल्या पाण्याचा जोर तिथे पसरून मोडतो, आणि पावसाळ्यात नदी चढलेली असताना शेतातलं पाणी तिथेच तुंबून ओहोटीची वाट बघतं.

उन्हाळ्यात मात्र दाराला त्याच्या मनाप्रमाणे वागू देत नाहीत. भात कापून झालं की खारं पाणी मुद्दाम, मोजून आत घेतलं जातं. त्याच्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंद्री, खेकडे पोयीत येतात आणि वाढतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की मासळी स्वतःहून जाळ्यात. हा मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो, गोव्यात त्याला 'पावणी' म्हणतात. पूर्वी या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची.

घराघरांत त्याच वेळी पुरुमेंताची गडबड असते. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द पोर्तुगीज, घाई अस्सल कोकणी. अंगणात सुकी कोळंबी, आमसुलं, मिरच्या, आणि घरात उकड्या तांदळाची पोती. चार महिने फेरी बंद राहिली तरी चुलीला काही कमी पडू नये, हा हिशेब.

मग जूनचा पहिला पाऊस. नांगरून ठेवलेल्या जमिनीतलं मीठ त्यात विरघळतं, ओहोटीला मानशीतून बाहेर पडतं. अशी दोन-चार धुवणं झाली की पेरायचं. बियाणं कोरगुटाचं. उंच वाढणारं, कुसळांचं, खारटपणा सोसणारं भात. उत्पन्न बेताचं, पण एखाद्या उधाणाचं पाणी आत आलं तरी तग धरतं. नदीपलीकडे, जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान' नावाची खारसहिष्णू वाणं काढली. फेरीच्या दोन टोकांमध्ये एवढा संबंध असल्याचं बघून मला बरं वाटलं.

आता तक्रार. मासळीला भातापेक्षा जास्त पैसे मिळायला लागले तेव्हापासून मानशीचं दार कुणाच्या सोयीने उघडायचं हा तंटा झाला. पावणी घेणाऱ्याला पाणी जास्त आणि जास्त दिवस हवं. शेतकऱ्याला जमीन वेळेवर कोरडी हवी. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादींकडून कुळांच्या संघटनांकडे आली, आणि पुष्कळ ठिकाणी ती कुणाकडेच राहिली नाही. खनिजाच्या बार्जेस मांडवीतून ये-जा करत, त्यांच्या लाटांनी बांध खाल्ले. एकदा बांध फुटला आणि दोन-तीन वर्षं तसाच राहिला की शेतात खारफुटी रुजते. खारफुटी तोडायला कायद्याने बंदी. २०११ च्या किनारपट्टी अधिसूचनेत गोव्याची खाजनंही जपावीत असं लिहिलं आहे आणि खारफुटीही. दोन्ही एकाच वाफ्यात उभी राहिली तर काय, याचं उत्तर शेतकऱ्याला अजून कुणी दिलेलं नाही. अलीकडे काही ठिकाणी लाकडी दारं काढून सिमेंटची चौकट आणि लोखंडी झडप बसवली आहे. खाऱ्या हवेत लोखंड किती टिकतं हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही घराची खिडकी सांगेल. लाकूड कुजतं, पण गावातला सुतार ते बदलू शकतो.

जायचं असेल तर एवढं करा. भरती सुरू व्हायची वेळ आधी बघून घ्या आणि पाणी फिरायच्या अर्धा तास आधी मानशीवर जाऊन उभे राहा. आतून बाहेर जाणारी धार बारीक होत जाते, थांबते, काडीकचरा क्षणभर एकाच जागी तरंगतो, आणि मग दार हळूच चौकटीला टेकतं. आवाज अगदी लहान असतो, मोबाइल बंद ठेवलात तरच ऐकू येईल. टोपी आणि पाणी बरोबर घ्या, वाटेत सावली नाही. आणि दुचाकी रस्त्यावरच लावा, बांधावर चढवू नका.