रचना कोणाची, चाल कोणाची?

नागपूरहून जबलपूरकडे निघालेला हमरस्ता कामठीची १८२१ सालची लष्करी छावणी मागे टाकून नदी ओलांडतो, आणि त्या नदीचेच नाव धारण करणारे कन्हान हे गाव, कोळशाच्या खाणींचा शेजार सांभाळीत, पलीकडच्या तीरावर लागते. येथून भंडाऱ्यापर्यंतचा सारा मुलूख खडी गंमत या लोकनाट्याचा आणि कलगी-तुऱ्याचा. शक्ती श्रेष्ठ म्हणणारा कलगीवाला आणि शिव श्रेष्ठ म्हणणारा तुरेवाला डफ-तुणतुण्यावर रात्रभर सवालजवाब करतात, आणि प्रत्येक पदाच्या अखेरच्या कडव्यात शाहीर आधी उस्तादाचे नाव घेतो, गावाचा उल्लेख करतो आणि मग स्वतःची छाप, म्हणजे नाममुद्रा, घालतो. शब्दांवरचा हक्क असा भर सभेत शाबीत होतो. चालीवर मात्र कोणी दावा सांगत नाही, कारण ती उस्तादाच्या उस्तादाकडून आलेली, सर्वांची सामाईक मिळकत असते.

संगीतातील रचना एकाच कर्त्याच्या मस्तकातून पूर्णत्वाने प्रकटते, ही कल्पना आपल्याकडे उपरी आहे. आपल्या रीतीची तुलना युरोपाशी करण्याची आपल्याला सवय जडली आहे. मला मात्र या प्रश्नात कोरियाचा दाखला अधिक जवळचा वाटतो.

त्या देशात राजाने संगीत रचल्याचीही नोंद आहे. पंधराव्या शतकातील सेजोंग राजाने काठीने भूमीवर ताल धरीत एका सायंकाळात नव्या संगीताची लय सिद्ध केली, असे दरबारी बखरीचे १४४९ सालचे दप्तर सांगते. परंतु लोकांच्या कंठात राहिली ती पान्सोरी: एक गायक, एक ढोलवादक आणि तासन् तास चालणारे कथागायन. तिच्यात पूर्वसूरींच्या कथेत एखाद्या गायकाने स्वप्रतिभेने घातलेल्या आणि पुढे त्याच्याच नावाने चालत आलेल्या प्रसंगाला 'तोनुम' म्हणतात. क्वोन सामदुक (१७७१–१८४१) हा उच्चकुलीन मनुष्य गाण्याच्या नादाने कुळातून बहिष्कृत झाला, असे तेथील परंपरा सांगते. भावाचा मत्सर करणारा लोभी नोल्बो पाकोळ्या पकडावयास निघतो, त्या प्रसंगाची त्याची चाल आजही गायिली जाते, आणि ती गाताना गायक क्वोनचे नाव श्रोत्यांना सांगतो. मौज अशी, की ती चाल त्याने मेण्यापुढे धावणाऱ्या सेवकांच्या ललकारीवरून उचलली होती! कुळास मुकलेल्या या गायकाची हकीगत वाचताना, कुळकर्णी वतनावर पाणी सोडून तमाशात उतरलेले श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), मराठी वाचकास आठवल्यावाचून राहणार नाहीत.

वाद्यसंगीतातही तीच रीत. बारा तारांच्या कायागुमवर विलंबित लयीतून द्रुताकडे चढत जाणारा 'सान्जो' हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किम छांग-जो याने घडविला असे मानतात. त्याची सामग्री मात्र पान्सोरीची आणि देवऋषींच्या विधिसंगीताची. किम छांग-जोची नात किम जुक-पा हिने आजोबांच्या सान्जोत आपली भर घातली आणि तो तिच्या नावाचा संप्रदाय झाला. पुढे १९६२ च्या कायद्याने अशा कलांना सरकारी संरक्षण लाभले. त्याबरोबर शिष्याने भर घालण्याची मोकळीक आखडली, हे त्या संरक्षणाचे मोल होय. याच १९६२ साली ह्वांग ब्योंग-की यांनी कायागुमसाठी लिहिलेली 'सूप', म्हणजे अरण्य, ही नवी रचना आधुनिक संगीतकाराचा आरंभ म्हणून गणली जाते. परंतु त्यांनीच पुढे सिद्ध केलेल्या सान्जोच्या नावात आधी गुरू जोंग नाम-ही यांचे नाव येते आणि मग त्यांचे स्वतःचे. आमच्या शाहिराची छाप याहून निराळी ती काय!

मराठी रंगभूमीने हाच मार्ग चोखाळला होता. १८८० च्या 'शाकुंतला'त अण्णासाहेब किर्लोस्करांची पदे प्रचलित चालींवर बेतलेली असत, आणि छापील नाटकात पदाच्या माथ्यावर मूळ चालीचा निर्देश प्रामाणिकपणे केलेला असे. १९११ च्या 'मानापमाना'पासून गोविंदराव टेंब्यांचे नाव संगीतकार म्हणून गाजू लागले. त्या चालीही बव्हंशी उस्तादी चिजांवरूनच घेतलेल्या होत्या. निवड, योजना आणि नटाच्या गळ्याची पारख यांतच टेंब्यांचे कर्तृत्व होते, आणि ते कर्तृत्व अव्वल दर्जाचे होते. होनाजी-बाळा या जोडनावात तर शब्द रचणारा होनाजी आणि ते गाणारा बाळा, हे दोघेही छापेचे धनी झाले आहेत. आमच्या संपादकांनी मात्र शाहिरी पदे छापताना शब्द तेवढे राखले. चालींकडे आणि उस्तादांच्या परंपरेकडे त्यांनी बहुधा काणाडोळाच केला. ही उणीव मला अक्षम्य वाटते, कारण चालीवाचून छापलेले पद म्हणजे निम्मेच पद.

कन्हान-कामठीच्या बाजूस ज्यांच्या घरी जुन्या शाहिराचे बाड असेल, त्यांना विनंती इतकीच, की गाणारा वृद्ध हयात आहे तोवर त्याच्याकडून प्रत्येक पद गाऊन घेऊन ध्वनिमुद्रित करावे, पदाच्या माथ्यावर चालीचे आणि उस्तादाचे नाव टिपावे, आणि बाडाची एक प्रत विदर्भ साहित्य संघासारख्या संस्थेच्या स्वाधीन करावी.