अश्वपालन लेखमाला, भाग ६ : माजचक्रातील अडचणी

घोडीचे माजचक्र सरासरी २१ ते २२ दिवसांचे असते. त्यातले पाच ते सात दिवस ती माजावर असते. या दिवसांत बीजांडकोशातील एक पुटक, म्हणजे फॉलिकल, वाढत जाते. त्याचा व्यास साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर झाला की माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी ते फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. फुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो. त्यातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन पुढचे १४-१५ दिवस माज दाबून ठेवते. गर्भ राहिला नाही, तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडते, पीतपिंड विरतो आणि चक्र नव्याने सुरू होते. यातली कोणती पायरी अडली आहे, हे ओळखले की निम्मा उपचार झाला.

पहिली अडचण ऋतूची. दिवस मोठा होऊ लागला की घोडीचे चक्र सुरू होते आणि हिवाळ्यात ते मंदावते किंवा थांबते. पुण्याच्या अक्षांशावर दिवस सुमारे ११ ते सव्वातेरा तासांचा असतो. त्यामुळे हा खंड युरोपातल्याइतका कडक नसतो. काही घोड्या हिवाळाभर माजावर येत राहतात. परंतु थरोब्रेड शिंगराचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते आणि गर्भकाल अकरा महिन्यांचा असतो. साहजिकच स्टड फार्मवर घोड्या फेब्रुवारीच्या मध्यापासूनच फळवायच्या असतात. यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीपासून तबेल्यात दिवे लावून नैसर्गिक उजेडासह एकूण १६ तासांचा प्रकाश दिला जातो. वाढीव उजेड संध्याकाळी जोडतात. तबेल्याच्या कोणत्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता यावे, इतका तो पुरतो. परिणाम दिसायला ६० ते ७० दिवस लागतात. मात्र रात्रभर दिवे चालू ठेवल्यास उपाय फसतो, कारण घोडीला अंधाराचे तासही लागतात.

हिवाळी खंड आणि नियमित चक्र यांच्यामध्ये संक्रमणाचा काळ येतो. घोडी आठवडेच्या आठवडे माज दाखवते. पुटके वाढतात, पण न फुटताच जिरतात. या काळात वळू लावणे म्हणजे त्याची ताकद वाया घालवणे. बीजांडकोशात वाढती पुटके दिसू लागली असतील, तर अल्ट्रेनोजेस्ट हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध १० ते १५ दिवस तोंडावाटे देतात. ते थांबवल्यावर काही दिवसांत व्यवस्थित माज येतो. बीजांडकोश अजून निद्रिस्त असतील, तर याचा उपयोग होत नाही. हे औषध त्वचेतून शरीरात शिरते. म्हणून हातमोजे घालूनच हाताळावे आणि गर्भवती स्त्रियांनी त्याला हातही लावू नये.

दुसरी अडचण मुक्या माजाची. चक्र नीट चालू असते, फक्त लक्षणे दिसत नाहीत. माज तपासण्यासाठी घोडीला मजबूत फळीच्या एका बाजूला उभे करून पलीकडे टीझर घोडा आणतात. माजावरची घोडी मागचे पाय फाकवते, शेपूट बाजूला करते, थोडी थोडी लघवी सोडते आणि निरणाची उघडझाप करते. माजावर नसलेली घोडी कान मागे पाडते, किंचाळते आणि लाथ झाडते. पायाशी शिंगरू असलेली घोडी त्याच्या काळजीपोटी माजावर असूनही अशीच वागू शकते. कळपात दबून राहणाऱ्या घोडीचा माजही नजरेतून सुटतो. अशा वेळी सोनोग्राफीच खरे काय ते सांगते. माजात गर्भाशयाच्या अस्तराला सूज येते आणि पडद्यावर त्याच्या घड्या आडव्या चिरलेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या दिसतात.

काही वेळा गर्भ नसतानाही पीतपिंड विरत नाही आणि घोडी दोन महिन्यांपर्यंत माजावर येत नाही. यावर प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन हा नेमका उपाय आहे. पण स्त्रीबीज सुटल्यापासून साधारण पाच दिवस उलटल्याशिवाय पीतपिंड त्याला नीट दाद देत नाही. योग्य दिवशी दिल्यास तीन-चार दिवसांत माज येतो. इंजेक्शननंतर थोडा वेळ घाम येणे, पोटात कळा येणे असा त्रास होऊ शकतो. घोडी गाभण असेल, तर याच इंजेक्शनाने गर्भ पडतो. त्यामुळे आधी सोनोग्राफी केल्याशिवाय ते देऊ नये.

थरोब्रेडच्या नोंदणीत कृत्रिम रेतनाला मान्यता नाही. एकाच वळूकडे अनेक घोड्या न्यायच्या असतात, म्हणून वेळ अचूक साधावी लागते. पुटक ३५ मिलिमीटरच्या पुढे गेले आणि अस्तराला सूज असली, की एचसीजी किंवा डेस्लोरेलिन देतात. त्यानंतर साधारण ३६ ते ४८ तासांत स्त्रीबीज सुटते.

माज वेळेआधीच, दोन-अडीच आठवड्यांत पुन्हा दिसू लागला, तर गर्भाशयाच्या दाहाची शंका घ्यावी. दाहामुळे प्रोस्टाग्लँडिन लवकर सुटते. अनेक वेते झालेल्या वयस्क घोड्यांमध्ये वळू दाखवल्यानंतरचा द्रव गर्भाशयात साचून राहतो. अशा वेळी गर्भाशय धुऊन काढणे आणि तो द्रव बाहेर टाकण्यासाठी ऑक्सिटोसिन देणे उपयोगी पडते. प्रतिजैविक मात्र स्राव तपासून, जंतू ओळखूनच निवडावे. निरणाची ठेवण सैल असल्यास हवा आणि शेण आत शिरते. त्यावर वरचा भाग शिवण्याची कॅस्लिक शस्त्रक्रिया करतात.

क्वचित बीजांडकोशात ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ होते. एक बीजांडकोश मोठा आणि दुसरा बारीक, निष्क्रिय दिसतो. घोडी वळूसारखी आक्रमकही होऊ शकते. उपाय म्हणजे गाठ झालेला बीजांडकोश काढणे.

शेवटची अडचण गर्भ राहिल्यानंतरची. सुमारे ३५व्या दिवसापासून गर्भाशयात एंडोमेट्रियल कप नावाच्या ग्रंथी तयार होतात आणि ईसीजी हे संप्रेरक सोडू लागतात. त्यानंतर गर्भ गेला तरी या ग्रंथी साधारण चौथ्या महिन्यापर्यंत टिकतात. तोवर घोडी नियमित माजावर येत नाही आणि हंगाम हातचा जातो. म्हणून पहिली सोनोग्राफी १४ ते १६ दिवसांच्या दरम्यान करतात. जुळे असल्यास दोन्ही गर्भ बहुधा टिकत नाहीत. त्यांतला एक याच सुमारास दाबून नाहीसा करतात. दुसरी तपासणी २८ ते ३० दिवसांनी होते. त्या वेळी गर्भाचे ठोके दिसले नाहीत, तर घोडी पुन्हा माजावर आणायला अजून चार-पाच दिवस हाताशी असतात.