दरमहा की दरसाल?

वाचकहो, सूर्य दररोज उगवतो. आपल्या गावचा बाजार दर आठवड्याला भरतो. पौर्णिमा दरमहा येते. दिवाळी दरसाल येते. पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टींचे हे शब्द आपण लहानपणापासून बोलतो. मग ते वाचायला कशाला शिकायचे? ऐका तर.

समजा, एका शेतकऱ्याने १०,००० रुपये कर्ज काढले. सावकार म्हणाला, "व्याज शेकडा दोन रुपये." शेतकरी मनात म्हणाला, "दोनच ना? मग काय जड आहे?" त्याने अंगठा उठवला. कागदावर मात्र लिहिले होते, 'दरमहा शेकडा दोन रुपये'.

आता हिशेब करू. 'दरसाल' असते, तर वर्षाचे व्याज २०० रुपये झाले असते. पण 'दरमहा' म्हणजे महिन्याला २०० रुपये. बारा महिन्यांचे झाले २,४०० रुपये! एका शब्दाने २,२०० रुपयांचा फरक पडला.

'दर' म्हणजे प्रत्येक. महा म्हणजे महिना, साल म्हणजे वर्ष. 'व्याजाचा दर' यातला दर निराळा, बरे का! तो दर म्हणजे भाव.

औषधाचेही तसेच. 'दिवसातून दोनदा' म्हणजे सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. 'दिवसाआड' म्हणजे आज घ्यायची, उद्या नाही, परवा पुन्हा घ्यायची. आठवड्यात पहिल्या रीतीने चौदा गोळ्या होतात, दुसऱ्या रीतीने फार तर चार. चूक झाली तर जिवावर बेतू शकते.

नेहमी, वरचेवर, अधूनमधून हे शब्दही पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टींचेच. पण त्यांत मोजमाप नाही. "पाहुणे वरचेवर येतात," असे बोलायला ठीक. पण "मी वरचेवर पैसे देत जाईन," असे कोणी कागदावर लिहिले, तर काय समजायचे? महिन्याला की वर्षाला? असल्या शब्दावरूनच पुढे भांडण लागते.

म्हणून सही करण्याआधी कागदात हे शब्द शोधा. सापडला नाही, तर न लाजता विचारा, "किती दिवसांनी? किती वेळा?" उत्तर मिळाले की ते कागदावर लिहून घ्या. मगच सही करा.

हे शब्द मोठ्याने वाचा आणि पाटीवर लिहा :

दररोज. दिवसाआड. दर आठवड्याला. दरमहा. दरसाल.