मेरी कोम : रिंगणातून राज्यसभेपर्यंत

मेरी कोम हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पण ‘कोम’ हे त्यांच्या जमातीचे नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोम ही मणिपूरमधील अगदी लहान अनुसूचित जमात. चुराचांदपूर जिल्ह्यातील कांगाथेई या खेड्यात, शेतमजुरी करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबात मेरी वाढल्या. त्या थोरल्या, म्हणून शेतातले काम आणि धाकटी भावंडे दोन्ही त्यांच्याकडे असत.

१९९८ मध्ये मणिपूरच्याच डिंको सिंग यांनी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक जिंकले. ते पाहून मेरी यांनी इम्फाळमध्ये सराव सुरू केला, पण घरी सांगितले नाही. चेहऱ्याला इजा झाली तर मुलीचे लग्न कसे होणार, ही वडिलांची काळजी. २००० मध्ये त्यांनी राज्यस्तरीय स्पर्धा जिंकली आणि वर्तमानपत्रातील छायाचित्रामुळे वडिलांना सारे कळले. पुढे तेच वडील त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

२००२ ते २०१८ या काळात त्या सहा वेळा जगज्जेत्या झाल्या. २००७ मध्ये जुळ्या मुलांचा जन्म झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पुन्हा जागतिक सुवर्णपदक आणले. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये महिला मुष्टियुद्धाचा प्रथमच समावेश झाला. त्यात सर्वांत कमी वजनगट ५१ किलोचा होता, म्हणून आपल्या नेहमीच्या गटाहून वरच्या गटात उतरून त्यांनी कांस्यपदक मिळवले.

एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केले. राज्यसभेत असे १२ सदस्य नियुक्त केले जातात. साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा यांतील जाणकारांसाठी ही तरतूद आहे. खेळाचा तीत उल्लेख नसला तरी खेळाडूंनाही ही संधी मिळत आली आहे. एवढ्या लहान जमातीला केवळ मतांच्या बळावर स्वतःचा खासदार निवडून आणणे फार कठीण. म्हणून या नियुक्तीचे मोल मोठे होते. २०१८ चे जागतिक सुवर्णपदकही त्यांनी खासदार असतानाच जिंकले. एप्रिल २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली.

सार्वजनिक कामात प्रत्येक वेळी कौतुकच वाट्याला येते असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये महिला कुस्तीपटूंच्या तक्रारींसाठी नेमलेल्या समितीच्या त्या अध्यक्ष झाल्या. पण कुस्तीपटूंचे समाधान झाले नाही आणि एप्रिलमध्ये ते पुन्हा आंदोलनाला बसले.

त्यानंतर मे महिन्यात मणिपूर पेटले. मैतेई आणि कुकी या दोन समाजांमधील संघर्षात कोम लोकांची गावे मधोमध सापडली आणि दोन्हीकडून त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. ऑगस्टच्या अखेरीस मेरी कोम यांनी केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहून कोम गावांना संरक्षण देण्याची विनंती केली. तेव्हा त्या खासदार नव्हत्या, तरी देशभरातील वर्तमानपत्रांनी त्या पत्राची दखल घेतली. घरी न सांगता सरावाला जाणाऱ्या मुलीने मिळवलेले नाव तिच्या लोकांच्या असे उपयोगी पडले.

आपण आदिवासी मुलींच्या शिक्षणाला हातभार लावतो, तेव्हा वह्या-पुस्तके आठवतात. खेळाचे बूट, पोटभर जेवण आणि शिकवणारा प्रशिक्षक यांचीही आठवण ठेवू या. प्रत्येक मुलगी जगज्जेती होणार नाही. पण गावाच्या वतीने चार शब्द बोलण्याचे धैर्य तिला मैदानावरही मिळू शकते. मणिपूरमधील सर्व समाजांत शांती नांदावी, यासाठीही आपण प्रार्थना करीत राहू या.